पावती आपल्या नावाची, संगणक कोणाचा?

पऱ्हाटी

संगणकाची पावती आपल्या नावाची असते, पैसे आपण मोजलेले असतात आणि तो आपल्याच घरातील टेबलावर असतो. तरीही तो कसा वागेल हे दुसरेच कोणी ठरवत असेल, तर त्याला आपला म्हणावे का, हा प्रश्न मला मंडळींपुढे ठेवायचा आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात शिक्षक आहे. माझा डेस्कटॉप कुठल्यातरी कार्यालयातून निघालेला आणि नागपुरात सीताबर्डीच्या दुकानातून घेतलेला, इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हचा आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर लागतात, त्यामुळे हे यंत्र धडधाकट असूनही कागदोपत्री बाद ठरले. मी त्यात एसएसडी टाकली आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती बसवली. नको असलेले प्रोग्रॅम काढले, खालची पट्टी वर नेली, अक्षरे मोठी केली. तोवर यंत्र वेगवान झाल्याचे समाधान होते, त्यापलीकडे काही नव्हते.

फरक पडला तो कळफलकापाशी. मी मराठी टंकलेखन यंत्रावर शिकलो. तेथे ‘अ’ काढून त्यावर चंद्र दिला की काम होत असे, आणि बोटांना तीच सवय आहे. युनिकोडमध्ये मात्र ‘ॲ’ला २००८ पासून स्वतंत्र स्थान आहे. अ आणि चंद्र असे वेगवेगळे टंकले, तर कागदावर फरक दिसत नाही, पण फाइलमध्ये ‘ॲल्युमिनिअम’ शोधायला गेले की तो शब्द सापडत नाही. शोधाशोध केल्यावर कळले की लिनक्सवर मराठीसारख्या भाषा टंकण्यासाठी असलेल्या एम१७एनची कळमांडणी ही साध्या मजकुराची फाइल असते. प्रत्येक कंसात आधी कळ आणि तिच्यापुढे उमटणारे अक्षर. मी एक ओळ वाढवली: ‘अ’ची कळ आणि तिच्यामागोमाग चंद्राची कळ दाबली, तर थेट ‘ॲ’ उमटावे. आयबस (कळा वाचून अक्षरे उमटवणारी प्रणाली) पुन्हा सुरू केले आणि तसे झाले. माझ्या बोटांची सवय न बदलता संगणकाने स्वतःची सवय बदलली. त्या रात्रीपासून हे यंत्र मला माझे वाटते.

आपल्यापैकी कोणाला असा अनुभव आला आहे का? की ही केवळ हौस असून तिला मालकी हे भारदस्त नाव मी उगाच देत आहे?

कापूसकोंड्या

संगणक कोणाचा असतो, हे ऐन घाईच्या वेळी अपडेटच्या फिरत्या चक्राकडे पाहत बसलेल्या माणसाला विचारावे. तो अचूक उत्तर देईल, परंतु ते येथे छापता येणार नाही.

मृगधारा

गुरुजी, आपला लेख आवडला, पण मी पूर्णपणे सहमत नाही. उमरखेडजवळच्या एका गावात मी सेवा केंद्र चालवते. माझ्याकडे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आहे, अंगठ्याचे यंत्र आहे, लेझर प्रिंटर आहे, आणि या तिघांचेही सॉफ्टवेअर एका ठरावीक पद्धतीनेच चालते. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला दाराबाहेर रांग लागलेली असताना अंगठ्याच्या यंत्राची सेवा बंद पडली, तर मी वरची पट्टी खाली नेली होती की खालची वर, याच्याशी कोणाला कर्तव्य नसते. म्हणून मी माझ्या यंत्रात जाणूनबुजून काहीही बदलत नाही. कंपनीने दिले तसेच ठेवते.

त्या यंत्रावर माझे घर चालते. मग ते माझे नाही असे आपण म्हणणार का? मला तर ते आपल्या यंत्रापेक्षा अधिक माझे वाटते, कारण त्याचा हप्ता मी फेडला आहे.

पऱ्हाटी

ताई, आपला आक्षेप रास्त आहे. यंत्राने कमावून दिले म्हणजे आपलेपणा येतोच. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे: उद्या त्या टोकनच्या कंपनीने आपल्या चालू विंडोजचा आधार काढला, तर नवे यंत्र घ्यायचे की नाही, हे कोण ठरवेल?

मृगधारा

कंपनीच ठरवेल, आणि मी घेईन. गावात सातबाऱ्यासाठी आलेल्या माणसाला तत्त्वज्ञान प्रिंट करून देता येत नाही.

निवृत्त_तलाठी

सातबाऱ्याचा विषय निघालाच आहे, तर या वादात माझा अधिकार चालतो असे समजून लिहितो.

आपल्याकडे भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २ असा भेद आहे, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या प्रत्येकाला माहीत असते. वर्ग १ ची जमीन खातेदार विनापरवानगी विकू शकतो. वर्ग २ ची जमीन तो कसतो, पीक घेतो, वारसांकडे देतो; परंतु हस्तांतरण करायचे झाले तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. माझ्या मुलाने मला विंडोजच्या परवान्याच्या अटी वाचून दाखवल्या. त्यात स्पष्ट म्हटले आहे की हे सॉफ्टवेअर विकलेले नसून वापरण्यास परवाना दिलेला आहे. म्हणजे पऱ्हाटी गुरुजींचा जुना संगणक वर्ग २ चा होता. पेटी त्यांची, पण पेटीतील कारभार अटींवर.

झाडीपट्टी

काका, फारच नेमके लिहिलेत! पण त्यात एक पोटभेद आहे. यंत्रासोबत जे विंडोज येते, ते ओईएम परवान्याचे असते आणि त्या मदरबोर्डाशी बांधलेले असते. मदरबोर्ड बाद झाला की तो परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही. दुकानातून स्वतंत्र विकत घेतलेला रिटेल परवाना मात्र एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर लावता येतो. त्यामुळे सगळेच वर्ग २ म्हणता येणार नाही. ओईएमची स्थिती बरीच वाईट आहे.

निवृत्त_तलाठी

मग ओईएमला शासकीय पट्टेदार म्हणू या. ती तिसरी वर्गवारीही अधिनियमात आहे. पट्ट्याची मुदत संपली की हक्क संपला.

रुमणं

आणि लिनक्स बसवले की माणूस एकदम वर्ग १ होतो, असे म्हणायचे आहे का? मला हे पटत नाही. लिनक्सही कोणाच्या तरी कॉपीराइटखालीच आहे. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेल्या त्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यामध्ये, आज हजारो लोकांचे लिखाण आहे आणि प्रत्येकाचा हक्क ज्याचा त्याच्याकडे आहे. आपल्याला मिळतो तो जीपीएल नावाचा परवानाच. फरक इतकाच की त्या परवान्याच्या अटी सोयीच्या आहेत.

झाडीपट्टी

रुमणं दादा, अटी सोयीच्या आहेत हा फरक लहान नाही. जीपीएलप्रमाणे मी तो प्रोग्रॅम कशासाठीही चालवू शकते, त्याचा स्रोत, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, वाचू शकते, बदलू शकते आणि बदललेला दुसऱ्याला देऊ शकते. देताना एकच बंधन, की त्यालाही हेच सगळे हक्क आणि स्रोत मिळाला पाहिजे. मी एकटी मालक नाही हे मान्य. पण मला यातून बाहेर काढण्याचा अधिकारही कोणाकडे नाही.

तलाठी काकांच्या भाषेत याचे उदाहरण माझ्या तालुक्यातच आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव बहुतेकांना ठाऊक असेल. त्या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०१३ मध्ये गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला. १९६४ च्या ग्रामदान अधिनियमाखाली जमिनीची मालकी गावाकडे जाते, कसणारा मात्र कसतच राहतो. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्याच गावाची. लिनक्सचे मला तसे वाटते. माझ्या एकटीच्या नावावर काहीच नाही, पण माझ्यावर सरकारही दुसऱ्या कोणाचे नाही.

रुमणं

हे उत्तर चांगले आहे. मी अजून पूर्ण पटवून घेतलेले नाही, पण हे उत्तर चांगले आहे.

खोडरबर

मंडळी, आपण सगळे परवान्यांतच अडकलात. दर्यापूरला माझे संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान आहे आणि माझा अनुभव असा आहे की मालकीची सुरुवात पेचकसापासून होते. ज्याने आपल्या कॅबिनेटचे झाकण एकदाही उघडलेले नाही, त्याने लिनक्स बसवले काय किंवा विंडोज ठेवले काय, संगणक बंद पडल्यावर तो माझ्याच दुकानात येणार आणि मी सांगेन तेच खरे मानणार.

आपल्या भागात यंत्रे कशाने बंद पडतात ते सांगतो. दिवाळीनंतर कापूस घरात येतो. एखाद्या खोलीत छतापर्यंत गंजी लागते आणि त्याच खोलीत कोपऱ्यात संगणक असतो. कापसाचे तंतू हवेत तरंगतात आणि पंखा ते आत ओढतो. प्रोसेसरवरच्या पंख्याचे चार स्क्रू काढून तो बाजूला केला, की खाली ॲल्युमिनिअमच्या पात्यांवर तंतू आणि धूळ यांचा दाबून बसलेला राखाडी थर दिसतो. चिमट्याने एका कडेला धरून उचलला तर तो अख्खा निघून येतो. पंखा तर फिरत असतो, म्हणून ग्राहक म्हणतो पंखा चांगला आहे. पण हवा पात्यांपर्यंत पोहोचतच नाही. त्यात मे महिन्यात बाहेर ४५ अंश तापमान. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की जीव वाचवण्यासाठी स्वतःचा वेग कमी करतो, आणि घरचे म्हणतात की यात व्हायरस शिरला. तो थर काढला, जुनी कडक झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली, की तेच यंत्र पुन्हा नीट चालू लागते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या कूलरची. कूलरच्या झोतात कॅबिनेट ठेवू नये. ओल्या हवेने धूळ चिकटून बसते, नंतर ब्रशनेही निघत नाही. आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपटपणा येतो. यंत्र चालू होते, बीप वाजते, पडद्यावर काही येत नाही. रॅम काढून त्या पट्ट्यांवर साधे पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे, भुगा झटकावा आणि खाच जुळवून परत बसवावी. माझ्या आयडीचे रहस्य हेच आहे. याचे मी पैसे घेतो, हे येथे सांगून मी माझाच धंदा बुडवत आहे.

कापूसकोंड्या

दर्यापूरच्या ग्राहकांनी हा धागा वाचू नये यासाठी काही सोय करता येईल का?

मृगधारा

खोडरबर भाऊ, एक शंका. माझ्या यंत्रात अधूनमधून तारीख मागे जाते आणि मग एकही सरकारी संकेतस्थळ उघडत नाही. ‘जोडणी सुरक्षित नाही’ असे येते. तारीख दुरुस्त केली की सगळे उघडते.

खोडरबर

ताई, ती मदरबोर्डावरील गोल बॅटरी संपली आहे. सीआर२०३२ असे मागा, घड्याळाच्या दुकानातही मिळते. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते. आपल्या संगणकाची तारीख काही वर्षे मागे गेली, तर त्याच्या हिशेबी ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलेच नसते, म्हणून तो नकार देतो. संगणक बंद करून वायर काढा, जुनी बॅटरी बोटाने दाबून काढा, नवी लिहिलेली बाजू वर ठेवून बसवा. तंत्रज्ञ बोलावण्याची गरज नाही.

सांडगे

मी या संकेतस्थळावर बहुधा वाचते, लिहीत नाही. पण आज दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते.

आमच्या घरी एक असेच ‘स्वतः घडवलेले’ यंत्र आहे. घडवणारे माझे यजमान आहेत. आमच्या संगणकावर मेनू नाही. डेस्कटॉपवर एकही चिन्ह नाही. माउस केवळ शोभेला ठेवला आहे. प्रत्येक गोष्ट कळांच्या जोड्यांनी होते आणि त्या जोड्या यजमानांच्या डोक्यात आहेत. मला निकालपत्रक छापायचे असले, तर ते शेतातून परत येईपर्यंत थांबावे लागते, नाहीतर फोन करावा लागतो आणि तिकडून उत्तर येते, “सुपर दाब आन् डी दाब.” सुपर नावाची कळ आमच्या कळफलकावर कुठेच लिहिलेली नाही. सासूबाई एकदा त्या काळ्या पडद्याकडे पाहून म्हणाल्या, “आंधी चालू तं व्हायचा बापा, आता याले काय झालं?”

यजमानांना तो संगणक शंभर टक्के त्यांचा वाटतो यात शंका नाही. माझा प्रश्न इतकाच आहे की पूर्वी तो घरातील चौघांचा होता. एकाची मालकी वाढली ती बाकीच्यांच्या वाट्यातूनच वाढली ना?

रुमणं

या धाग्यावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद आहे.

झाडीपट्टी

सांडगे ताई, आपल्या यजमानांकडे बहुधा आयथ्री (प्रोसेसर नव्हे, खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम) किंवा त्यासारखे काहीतरी आहे. मीही तेच वापरते, त्यामुळे हसू आले आणि ओशाळल्यासारखेही झाले. त्याचा फायदा मला जुन्या लॅपटॉपवर खरोखर जाणवतो: खिडक्या आपोआप शेजारीशेजारी मांडल्या जातात, रॅम फारशी लागत नाही, हात कळफलकावरून उचलावा लागत नाही. पण तो माझा एकटीचा लॅपटॉप आहे. घरच्या सामायिक यंत्रावर असे करणे मला योग्य वाटत नाही.

उपाय सोपा आहे. लिनक्समध्ये प्रत्येकाचे वेगळे खाते असते आणि प्रत्येक खात्याला वेगळे डेस्कटॉप ठेवता येते. आपल्या नावाचे खाते उघडायला सांगा आणि त्यात एक्सएफसीई किंवा सिनॅमन बसवून घ्या. प्रवेशाच्या पडद्यावरच निवड करता येते. दादांच्या खात्यातील एकही कळ न हलवता आपल्याला मेनू, चिन्हे आणि माउस, सगळे परत मिळेल.

सांडगे

हे आजवर मला कोणी सांगितले नव्हते, आणि ज्यांनी सांगायला हवे होते त्यांना ते नक्कीच माहीत असणार. आज संध्याकाळी विषय काढते. ‘सुपर’ म्हणजे कोणती कळ?

झाडीपट्टी

विंडोजचे चिन्ह असलेली. लिनक्सवाल्यांना ते नाव घ्यायचे नसते.

पऱ्हाटी

सांडगे ताईंचा प्रश्न मला लागू पडतो असे वाटून मी घरी विचारले. सौभाग्यवतींनी सांगितले की पट्टी वर गेल्याने त्यांना काही अडचण नाही, फक्त माझ्या कळमांडणीत त्यांना मराठी टंकता येत नाही, कारण त्या इन्स्क्रिप्ट शिकलेल्या आहेत. त्यांच्यासाठी वेगळे खाते करून त्यात इन्स्क्रिप्ट ठेवले आहे.

बेंबळा

विषय थोडा बाजूला नेतो, पण तो महत्त्वाचा आहे. हा सगळा थाट विजेवर उभा आहे. आमच्याकडे बाभुळगाव तालुक्यात रात्री शेतीपंप सुरू झाले की घरात दाब १७० व्होल्टपर्यंत उतरतो. दिवे मिणमिणतात आणि संगणक स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो. इन्व्हर्टर घेतला, तरी भार इन्व्हर्टरवर जाताच संगणक बंद पडतो. टीव्ही मात्र चालतो. याला काय म्हणावे?

खोडरबर

दोन वेगवेगळी दुखणी आहेत, दादा.

पहिले, एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागील बाजूचे लेबल वाचा. त्यावर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले असेल तर तो १७० वरही काम करायला हवा. त्याऐवजी ११५ आणि २३० अशी छोटी लाल सरकती खूण असेल, तर तो जुना प्रकार आहे. तो २३० वरच ठेवायचा असतो आणि दाब फार उतरला की तो बंद होतो. कोणी सल्ला दिला म्हणून ती खूण ११५ वर सरकवू नका. पहाटे पंप बंद होऊन दाब वर आला की धूर निघेल.

दुसरे, इन्व्हर्टर बहुधा स्क्वेअर वेव्हचा असेल. त्याची लहर चौकोनी असते. चांगल्या प्रतीच्या नव्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी हे विजेचा वापर सुधारणारे सर्किट असते आणि त्यातील काहींना ती लहर मानवत नाही, म्हणून नेमक्या बदलाच्या क्षणी ते बंद होतात. शुद्ध साईन वेव्हचा इन्व्हर्टर हा त्यावर उपाय आहे. शिवाय इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ अशी निवड असते, ती लावा. त्याने बदलाचा वेळ कमी होतो. आणि अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर मालकीची चर्चा नंतर करू.

बेंबळा

लेबल पाहिले. लाल खूण आहे आणि २३० वर आहे. झिणझिण्या येतात, पण आम्हाला त्या वर्षानुवर्षे सवयीच्या आहेत.

खोडरबर

सवयीच्या ठेवू नका. आजच इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तोवर तो सॉकेट वापरू नका. मी हे गमतीने लिहिलेले नाही.

रुमणं

मूळ विषयावर परत येतो. मी परवान्यावरून हट्ट धरला होता, आता दुसऱ्या बाजूने धरतो. लिनक्स बसवले, झाकण उघडले, खोडरबर फिरवले. तरीही चिपच्या आत काय चालते हे आपल्याला कुठे ठाऊक असते? इंटेलच्या २००८ नंतरच्या बहुतेक चिपसंचांमध्ये मॅनेजमेंट इंजिन नावाचा वेगळा छोटा संगणकच असतो. त्याचे सॉफ्टवेअर बंदिस्त आहे, आणि मुख्य संगणक बंद दिसत असला तरी वीज मिळत असेल तर तो चालू राहू शकतो. बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर, तर बहुतेक ठिकाणी बंदिस्तच. मग पऱ्हाटी गुरुजींची मालकी केवळ वरच्या मजल्याची नाही का?

झाडीपट्टी

हे खरे आहे. त्यावरही लोकांनी काम केले आहे: बायोसच्या जागी बसवायचे कोअरबूट, आणि त्यावर आधारलेले लिब्रेबूट. जुन्या थिंकपॅड एक्स२०० वर लिब्रेबूट बसवून ते मॅनेजमेंट इंजिन पूर्ण काढून टाकता येते. पण त्यासाठी मदरबोर्डावरील चिपला क्लिप लावून बाहेरून लिहावे लागते, आणि अशी यंत्रे मोजकीच आहेत. नव्या बहुतेक यंत्रांवर ते पूर्णपणे काढता येत नाही.

निवृत्त_तलाठी

रुमणंराव, आपण अगदी योग्य ठिकाणी कुदळ मारलीत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे जमिनीतील खनिजांवरचा हक्क शासनाचा असतो. वर्ग १ चा खातेदार असला तरी त्याच्या शेताखाली कोळसा निघाला, तर तो कोळसा त्याचा नसतो. वणी आणि राजुऱ्याकडच्या मंडळींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून त्या शेतकऱ्याला आपण मालक म्हणणे सोडतो का? पेरायचे काय, कधी पेरायचे, बांधावर झाड लावायचे की नाही, हे तोच ठरवतो. माझ्या मते मालकी ही अशी थरांची असते, आणि सर्वांत खालच्या थरापर्यंत ती कोणालाच मिळत नाही. वरचे जितके थर हाती आले, तितके आपले.

रुमणं

कोळसा निघाल्यावर तो शेतकरी पेरायचे काय हे ठरवू शकत नाही, काका. त्याची जमीनच जाते.

निवृत्त_तलाठी

हेही खरे आहे. माझ्याकडे यावर उत्तर नाही.

मृगधारा

मी इतके दिवस हा धागा वाचत होते. बॅटरी मी स्वतः बदलली. नव्वद रुपये सांगितलेली पन्नासला मिळाली. तारीख आता जागेवर राहते.

पहिल्या प्रतिसादात मी म्हटले होते की माझ्या यंत्रात मी काहीच बदलत नाही. ते खरे आहे, पण त्यामागचे एक काम मी लिहिले नव्हते, कारण ते या विषयात बसते असे वाटले नाही. माझ्या कपाटात एक दुसरी एसएसडी आहे. टोकन, अंगठ्याचे यंत्र, प्रिंटर हे सगळे सुरळीत चालत असताना क्लोनझिलाने मी पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत तिच्यावर घेऊन ठेवली. दर वेळी काही मोठे अपडेट येण्यापूर्वी ती प्रत नव्याने घेते. एखाद्या अपडेटने अंगठ्याचे यंत्र बंद पाडले, तर मी मदत केंद्राला फोन लावत बसत नाही. झाकण उघडते, डिस्क बदलते, आणि चहा होईपर्यंत रांग पुढे सरकते. तालुक्याच्या ठिकाणची केंद्रे तसे झाले की दोन-दोन दिवस बंद असतात.

गुरुजी, आपण कळ बदललीत आणि मी काहीच न बदलण्याची सोय केली. कंपनीने काय बदलावे हे माझ्या हातात नाही. पण ते मी कधी स्वीकारायचे, हे मी ठरवते. आपल्या व्याख्येत हे बसते का?

पऱ्हाटी

ताई, बसते, आणि माझ्या व्याख्येपेक्षा पक्के बसते. माझ्या ‘ॲ’च्या ओळीची प्रत मी अजून कुठेही ठेवलेली नाही.

झाडीपट्टी

गुरुजी, ती फाइल सिस्टिमच्या मूळ फोल्डरमध्येच बदलली असेल, तर पुढच्या अपडेटमध्ये पुसली जाण्याची शक्यता आहे. आपल्या होम फोल्डरमध्ये ‘.एम१७एन.डी’ या नावाचे, टिंबाने सुरू होणारे फोल्डर करा. नाव अर्थातच रोमन लिपीत. बदललेली फाइल वेगळ्या नावाने तेथे ठेवा. फाइलच्या आत वरच्या ओळीतले मांडणीचे नावही बदला, म्हणजे दोन्ही मांडण्या यादीत वेगवेगळ्या दिसतील. त्या फोल्डरला अपडेट हात लावत नाही.

पऱ्हाटी

केले. होम फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवरही घेतली.

निवृत्त_तलाठी

एवढी चर्चा वाचून मलाही हुरूप आला आहे. माझ्याकडे २०११ च्या सुमाराचा लॅपटॉप आहे. ड्युअल कोअर, २ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. चालू करून आंघोळ उरकली की तयार होतो. त्याचे काय करावे?

खोडरबर

काका, फेकू नका. त्या काळातील बहुतेक ड्युअल कोअर ६४ बिटचे असतात, त्यामुळे आजचे मिंट त्यावर चालू शकते. मात्र ३२ बिटचे निघाले तर मुख्य मिंट चालणार नाही, ती आवृत्ती त्यांनी २०२० मध्ये बंद केली. आधी तेवढे तपासा. मग हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी लावा; सर्वांत मोठा फरक तिने पडेल. रॅम घेताना जुन्या रॅमचे लेबल सोबत न्या. डीडीआर३ आणि डीडीआर३एल दिसायला सारख्या असतात, पण दीड व्होल्टची मागणाऱ्या जुन्या यंत्रात काय चालते हे विचारूनच घ्या. ४ जीबी झाली की पत्रव्यवहार, बातम्या आणि व्हिडिओ यांना पुरे. स्क्रू काढताना ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ताटलीत ठेवा. लॅपटॉपचे स्क्रू लहानमोठे असतात, आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर मदरबोर्डात घुसतो.

कापूसकोंड्या

झाकण उघडण्यापूर्वी हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस चावडीवर लावावी लागेल का?

निवृत्त_तलाठी

नोटीस घरात तोंडी बजावली आहे. हरकत आली होती: जेवणाचे टेबल यासाठी मिळणार नाही. अंगणात सतरंजी टाकून बसणार आहे. खोडरबर भाऊ, त्या लहान स्क्रूंना कितीच्या टोकाचा पेचकस लागतो?

खोडरबर

फुलीच्या टोकाचा, पीएच शून्य. आणि अंगणात नको, काका. एक स्क्रू मातीत पडला तर सापडत नाही. घरातच बसा, खाली पांढरी चादर टाका.